पनामा कालवा आणि एक तरंगता संसार

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



यंदाच्या संमेलनात आम्ही चार बोधप्रद शब्द बोलावेत अशी मंडळाच्या चिटणीसांनी आम्हांस आज्ञा केली. हुंडा, लग्नातील उधळपट्टी, व्यसने, तरुणांचे शिक्षण इत्यादी विषयांवर या व्यासपीठावरून अधिकारी वक्त्यांची भाषणे वर्षानुवर्षे होत आली आहेत आणि स्मरणिकेच्या जुन्या अंकांत ती छापलेलीही आहेत. त्यांत भर घालण्याइतके पांडित्य आमच्यापाशी नाही. आमचे शिक्षण मॅट्रिकपुरते, आणि सारे आयुष्य गेले ते फळ्याशेजारी भूगोलाचे नकाशे टांगण्यात. तेव्हा ज्या विषयावरून आमचा हात थोडाफार फिरलेला आहे, त्यातलीच एक गोष्ट आज आपणांपुढे ठेवतो. स्थळ फार दूरचे आहे. परंतु तेथील माणसांचा आपसांतील व्यवहार आपल्याला मुळीच परका वाटणार नाही, अशी आमची खात्री आहे.

विषय असा : शिडाच्या नौकेवर बायकामुलांसह राहणारे एक कुटुंब पनामा कालवा ओलांडण्याची तयारी कशी करते?

प्रथम त्या कालव्याविषयी दोन शब्द सांगणे अवश्य आहे. सुएझचा कालवा आपणां सर्वांच्या परिचयाचा आहे. तो १८६९ साली खुला झाला आणि मुंबईहून विलायतेस जाणाऱ्या आगबोटींना आफ्रिकेला घालावा लागणारा वळसा चुकला. तो सपाट वाळवंटातून समुद्राच्या पातळीनेच खणलेला असल्यामुळे त्यात पाण्याचा जिना नाही. बोट एका समुद्रातून सरळ दुसऱ्या समुद्रात जाते. हे यश पदरी असलेल्या फर्दिनांद द लेसेप्स या फ्रेंच गृहस्थांनी १८८१ साली पनामाच्या संयोगभूमीत तसाच कालवा खणावयास घेतला. परंतु तेथे वाळवंट नव्हते. तेथे डोंगर होता, चाग्रेस नदीचे भयंकर पूर होते, आणि पीतज्वर व हिवताप होते. १८८९ साली त्यांची कंपनी बुडाली. तोवर त्या कामावर सुमारे २२,००० माणसे मृत्युमुखी पडली असावीत, असा अंदाज आहे.

पुढे १९०४ साली अमेरिकेने ते काम हाती घेतले. हिवतापाचे बीज डासांच्या पोटात वाढते, हे सर रोनाल्ड रॉस यांनी आपल्या देशात, सिकंदराबाद येथे, १८९७ साली सिद्ध केले होते. त्या ज्ञानाचा आधार घेऊन गोर्गस नावाच्या लष्करी डॉक्टरांनी पनामातील डासांचा निःपात आरंभिला, आणि मगच कुदळ खऱ्या अर्थाने चालू लागली. तरीही अमेरिकेच्या कारकिर्दीत ५,६०९ माणसे दगावल्याची नोंद आहे. त्यांतील बहुसंख्य मजूर बार्बाडोस, जमेका इत्यादी बेटांवरून आलेले कृष्णवर्णीय होते. गोऱ्या कामगारांचा पगार सोन्याच्या नाण्यांत व यांचा चांदीच्या नाण्यांत होत असे, आणि दोघांची राहण्या-जेवण्याची व्यवस्थाही वेगळी असे. पंक्तिभेद ही वस्तू केवळ आपल्याच देशात पिकते असे नाही, एवढे यावरून ध्यानी यावे. १५ ऑगस्ट १९१४ रोजी कालवा खुला झाला, आणि ३१ डिसेंबर १९९९ रोजी अमेरिकेने तो पनामा देशाच्या स्वाधीन केला.

डोंगर समुद्राच्या पातळीपर्यंत खणून काढणे अशक्य, तेव्हा बोटीलाच डोंगरावर चढवावयाचे, अशी युक्ती अमेरिकनांनी केली. चाग्रेस नदीला गातून येथे धरण बांधून समुद्रसपाटीपासून २६ मीटर उंचीवर एक विस्तीर्ण सरोवर निर्माण केले. त्या सरोवरात चढण्यास एका बाजूस तीन पायऱ्या आणि उतरण्यास दुसऱ्या बाजूस तीन पायऱ्या. या पायऱ्या म्हणजेच जलपाश, ज्यांना इंग्रजीत लॉक म्हणतात. जुन्या मार्गावरील प्रत्येक जलपाश म्हणजे ३०५ मीटर लांबीचा आणि साडेतेहतीस मीटर रुंदीचा काँक्रीटचा हौद होय. त्याला दोन्ही टोकांस सुमारे दोन मीटर जाडीचे पोलादी दरवाजे. बोट हौदात शिरली की मागचा दरवाजा मिटतो, वरच्या सरोवराचे पाणी तळातील भोकांवाटे आपल्याच भाराने हौदात येते, आणि बोट उचलली जाते. पाणी वर चढविण्यास एकही पंप नाही. घरातील पाण्याची टाकी ज्या नियमाने भरते, त्याच नियमाने हा अवाढव्य जिना चालतो.

आता आपल्या कुटुंबाकडे वळू. युरोपातून आणि अमेरिकेतून अशी अनेक कुटुंबे आपले घरदार विकून अथवा भाड्याने देऊन शिडाच्या नौकेवर राहावयास जातात. समजा, पती, पत्नी आणि दोन मुले आहेत. नौका सुमारे १२ मीटर लांबीची, म्हणजे आपल्या एस. टी. च्या गाडीहून फारशी मोठी नव्हे. तेवढ्यात निजण्याच्या फळ्या, चूल, पाण्याच्या टाक्या, पुस्तके, औषधे, मुलांची खेळणी, आणि उभे राहण्यापुरती मोरी. मुलांचे शिक्षण नौकेवरच होते. बाल्टिमोर शहरातील काल्व्हर्ट शाळेने १९०६ साली घरबसल्या शिक्षणाचे पाठ टपालाने पाठविण्यास आरंभ केला आणि पुढे कित्येक दशके अशा नौकावासी मुलांना त्याचा मोठा आधार झाला. मास्तर म्हणून आम्हांला याचे विशेष कौतुक वाटते. नकाशावर बोट ठेवून ‘हा पाहा अटलांटिक’ असे आम्ही वर्गात सांगत होतो. ही मुले त्या अटलांटिकच्या पाण्याने भांडी घासतात.

असे कुटुंब अटलांटिक ओलांडून कॅरिबियन समुद्रातील कोलोन बंदराशी येऊन नांगर टाकते. वास्तविक त्याने हजारो मैलांचा महासागर दोघा प्रौढ माणसांच्या बळावर पार केलेला असतो. एक जण सुकाणू सांभाळतो, एक जण झोप घेतो. वाऱ्याच्या दिशेने आपोआप सुकाणू राखणारी यंत्रेही असतात. महासागर दोघांना पुरे पडतो. परंतु अवघ्या ८० किलोमीटरांचा कालवा मात्र दोघांना ओलांडता येत नाही. तेथील नियमच असा आहे, की सुकाणू धरणारा एक, आणि त्याखेरीज चार दोर धरण्यास चार धडधाकट माणसे नौकेवर असलीच पाहिजेत. लहान मुलांच्या हाती हे दोर देता येत नाहीत. आमच्या आजच्या भाषणाचा सारा गाभा या एका नियमात आहे. यास्तव तो नियम का आहे, हे थोडे विस्ताराने सांगतो.

तयारीचा क्रम येणेप्रमाणे असतो. प्रथम कालव्याचा मोजणी अधिकारी फीत घेऊन नौकेवर येतो. तो नौकेची लांबी नाळेपासून पिछाडीपर्यंत मोजतो. पुढे आलेला नांगर, मागे टांगलेली छोटी होडी, काहीही सोडीत नाही. लहान नौकांची पट्टी लांबीवर ठरते. यंत्र किती वेगाने चालते, भोंगा वाजतो किंवा नाही, दोर अडकविण्याचे खुंटे भक्कम आहेत काय, शौचाची सोय आहे काय, हे सर्व तो विचारतो व टिपून घेतो. नौकेला एक क्रमांक मिळतो, आणि तो तिच्या जन्मभर तोच राहतो. या मोजणीतून सुटका कोणालाही नाही. १९२८ साली रिचर्ड हॅलिबर्टन नावाच्या अमेरिकन लेखकाने हा कालवा पोहून पार केला, तेव्हा त्यालाही बोट समजून त्याच्या वजनाप्रमाणे पट्टी आकारली गेली. ती ३६ सेंट भरली.

मोजणीनंतर पट्टी व अनामत भरावयाची, आणि मग दिवस मुक्रर होतो. तोवर नौकेवर घाई उडालेली असते. प्रत्येकी १२५ फूट लांबीचे, अंगठ्याएवढ्या जाडीचे चार दोर लागतात. एवढे लांब दोर इतरत्र सहसा लागत नसल्याने बहुतेक जण ते भाड्याने आणतात. भिंतीवर आपटून नौका फुटू नये म्हणून मोटारीचे जुने टायर प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून दोन्ही अंगांस टांगतात. नौकेच्या टपावर सूर्यप्रकाशावर वीज करणारी काचेची तावदाने असतात. त्यांवर गाद्या पसरून ठेवतात, कारण काठावरून फेकलेली दोरीची जड गाठ त्यांवर पडली तर त्यांचा चुराडा होतो. शिडे गुंडाळून ठेवावी लागतात. सारा मार्ग यंत्रावरच काटावयाचा असल्याने यंत्राची कसून तपासणी होते.

गृहिणीची तयारी याहून मोठी. कालव्याच्या वतीने एक वाटाड्या अधिकारी नौकेवर येतो. त्याला गरम जेवण आणि बंद बाटलीतील पाणी दिलेच पाहिजे, असा दंडक आहे. त्याच्या डोक्यावर सावली असली पाहिजे. त्याखेरीज दोर धरणारे पाहुणे. म्हणजे एस. टी. एवढ्या घरात, दोन ताटांच्या चुलीवर, दोन दिवस आठ-नऊ माणसांच्या न्याहाऱ्या आणि जेवणे! येथे बसलेल्या मातृवर्गास त्याची कल्पना आम्ही द्यावयास नको. शिवाय कालव्यापलीकडे पॅसिफिक महासागर आहे. तेथून गॅलापागोस बेटे सुमारे ९०० सागरी मैल, आणि तेथून पुढची मार्केसास बेटे सुमारे ३,००० मैल. त्या प्रवासात तीन-चार आठवडे दुकान दिसत नाही. म्हणून तांदूळ, कणीक, डाळी, डबाबंद जिन्नस यांची भरती येथेच करावी लागते. अंड्यांना व्हॅसलीन चोळून ठेवतात, म्हणजे ती बर्फाच्या पेटीवाचून कित्येक आठवडे टिकतात. पुठ्ठ्याची खोकी मात्र नौकेवर घेत नाहीत, कारण त्यांच्या खाचांतून झुरळांची अंडी येतात. वाणसामान आणून ते डब्यांत भरून, डब्यांवर नावे घालून, कोणता डबा कोणत्या फळीखाली आहे याची वही ठेवणारी ती गृहिणी आपल्याकडील एकत्र कुटुंबातील थोरल्या सुनेसारखीच वाटते. पुष्कळ नौकांवर सुकाणूही तिच्याच हाती असते, हे जाता जाता सांगितले पाहिजे.

आता राहिली चार माणसे. पती-पत्नींपैकी एकाने सुकाणू धरले तर दुसऱ्याचे दोन हात उपयोगी पडतात. पण आणखी तिघे कोठून आणावयाचे? परका देश, परकी भाषा, ओळख ना देख. मजुरी देऊन तेथील माहीतगार माणसे मिळतात, आणि ती आपले काम चोख बजावतात, यात संशय नाही. परंतु नौकावासी लोकांत एक जुनी रीत चालत आलेली आहे. ज्या कुटुंबाची पाळी आठ दिवसांनी आहे, त्यातील माणूस आज जाणाऱ्या नौकेवर दोर धरावयास जातो. दोन दिवस तिकडे राहतो, त्यांच्या घरचे जेवतो, पलीकडच्या समुद्राशी उतरतो, आणि ज्या अंतरास नौकेला दोन दिवस लागले ते बसने दीड-दोन तासांत कापून आपल्या बायकामुलांत परत येतो. परतीचे भाडे यजमान देतो. याहून अधिक देणेघेणे नाही. मग त्याची पाळी आली म्हणजे त्याच्या मागची नौका आपले माणूस त्याला देते.

लक्षात घ्या, ज्याला मदत केली तो तर पलीकडच्या महासागरात निघून गेलेला असतो; तो हे ऋण फेडावयास परत येणार नाही. ऋण फेडतो तो मागून येणारा, आणि त्याचे फेडतो त्याच्याही मागचा. आपल्याकडे कोकणात शेतीच्या कामास ‘सावड’ म्हणतात, देशावर ‘इरजीक’ म्हणतात. एकाच्या शेतावर सारे जातात, तो सर्वांना जेवू घालतो. पण सावडीत गाव तोच, माणसे तीच; आज मी तुझ्याकडे, उद्या तू माझ्याकडे. कालव्यावरच्या सावडीत मात्र ज्याच्याकडे आपण गेलो तो पुन्हा भेटण्याची शाश्वतीही नसते. तरीही ती चालते, हे विशेष होय.

मुक्रर दिवशी दुपारनंतर वाटाड्या अधिकारी लहान बोटीने येऊन नौकेवर चढतो आणि नांगर उचलला जातो. एक चमत्कारिक गोष्ट सांगतो. अटलांटिकमधून पॅसिफिककडे म्हणजे पश्चिमेस जावयाचे, असे आपण सहज म्हणू. परंतु नकाशा नीट पाहिला तर कालवा आग्नेयेस जातो, आणि पॅसिफिककडचे तोंड अटलांटिककडच्या तोंडाहून पूर्वेस आहे. परीक्षेत हा प्रश्न घातला म्हणजे हुशार मुलेही अडखळत असत.

गातूनच्या पहिल्या जलपाशात पुढे एक प्रचंड आगबोट शिरते आणि तिच्या मागे आपली चिमुकली नौका. प्रत्येक वेळी सरोवराचे सुमारे वीस कोटी लिटर गोडे पाणी समुद्रात सोडावे लागत असल्याने लहान नौकेसाठी स्वतंत्र हौद भरणे परवडत नाही. पाणी किती मोलाचे आहे, हे २०२३ सालच्या अवर्षणात दिसून आले. सरोवर आटले आणि दररोज सोडावयाच्या बोटींची संख्या पुष्कळ कमी करावी लागली. मोठ्या आगबोटीला दोन्ही काठांवरची विजेची इंजिने पोलादी तारांनी आवरून धरतात. लहान नौकेला इंजिने नसतात, माणसे असतात. काठावरचे कामगार टोकाला जड गाठ मारलेली बारीक दोरी नौकेवर फेकतात. तिला आपला जाड दोर बांधावयाचा. ते तो ओढून वर खुंट्यात अडकवितात. पुढून दोन, मागून दोन, असे चार दोर ताणून नौका हौदाच्या मधोमध धरली जाते. दरवाजे मिटतात आणि खालून पाणी उसळू लागते.

खरी कसोटी येथे लागते. दहा-एक मिनिटांत पाणी दोन मजले चढते. जसजशी नौका वर येते, तसतसे चारही दोर ढिले पडत जातात, आणि चौघांनी ते सारख्या मापाने ओढून घेत राहिले पाहिजे. एकाने जोराने ओढला आणि दुसरा मागे राहिला, तर नौका तिरपी होते, पाण्याच्या लोटात सापडून गर्रकन फिरते आणि काँक्रीटच्या भिंतीवर आदळते. पुढची आगबोट आपला पंखा सुरू करते, तेव्हा तर मागे पाण्याचा डोंब उसळतो. ज्यांनी किनाऱ्यावर रापण ओढलेली पाहिली आहे, त्यांना हे फोड करून सांगावयास नको. रापणीच्या दोन दोरांवर दोन टोळ्या असतात. एक टोळी घाई करील तर जाळे वाकडे होऊन मासळी निसटते. दोघांनी एकमेकांकडे पाहून, सारख्या लयीने ओढावे लागते. रापणीत चुकले तर एका दिवसाची मासळी जाते; येथे चुकले तर ज्या घरात मुले झोपतात ते घरच फुटते. त्या कुटुंबाची सारी पुंजी, सारा संसार, त्या चार दोरांवर टांगलेला असतो, आणि त्यांतील तीन दोर बहुधा परक्यांच्या हातांत असतात.

कित्येकदा तीन नौका एकमेकींना घट्ट बांधून एकच जथा करून हौदात सोडतात. तेव्हा यंत्र व सुकाणू मधल्या नौकेचे चालते, आणि भिंतीकडचे दोर कडेच्या दोन नौकांवरची माणसे सांभाळतात. मधल्या नौकेच्या मालकाला एकाही दोराला हात लावता येत नाही, आणि कडेच्यांना सुकाणूला हात लावता येत नाही. तीन देशांची तीन कुटुंबे, कालपर्यंत एकमेकांचे तोंड न पाहिलेली, त्या तासापुरती एका घरासारखी वागतात. वागावेच लागते.

अशा तीन पायऱ्या चढून नौका गातूनच्या सरोवरात येते. बहुधा तोवर रात्र झालेली असते. एका मोठ्या तरंगत्या पिंपास नौका बांधून सर्व जण तेथेच रात्र काढतात. भोवती रान असते, आणि पाण्यात मगरी असल्याने पोहण्याचा मोह आवरावा लागतो. दुसऱ्या दिवशी सकाळी नवा वाटाड्या येतो. मग सरोवर आणि क्युलेब्राचा डोंगर फोडून काढलेली खिंड मिळून पन्नास किलोमीटरांच्या आसपासचा मार्ग. त्यानंतर पेद्रो मिगेल येथे एक व मिराफ्लोरेस येथे दोन अशा तीन पायऱ्या उतरावयाच्या. उतरताना बहुधा नौका पुढे आणि आगबोट मागे असते. मान वर करून पाहिले तर तिची नाळ गोपुरासारखी डोक्यावर उभी. आता दोर ओढावयाचे नसून सोडावयाचे असतात. तेही मापाने, आणि हात न भाजू देता. शेवटचा दरवाजा उघडतो आणि समोर पॅसिफिक महासागर येतो.

येथून परतणे सोपे नाही. वारे आणि प्रवाह पश्चिमेकडे नेतात. त्यांच्याविरुद्ध मागे फिरणे शिडाच्या नौकेस फार कष्टाचे. म्हणून कित्येक कुटुंबे कालव्याच्या तोंडाशी येऊन विचारात पडतात, आणि काही तेथूनच मागे वळतात. त्यांना भित्री म्हणू नये. पलीकडे काय घडू शकते, याचे एक उदाहरण प्रसिद्ध आहे. डूगल रॉबर्टसन आणि त्यांची पत्नी लिन हे ब्रिटिश शेतकरी दांपत्य १९७१ साली मुलांना घेऊन ल्युसेट नावाच्या नौकेने निघाले. कालवा ओलांडून ते पॅसिफिकमध्ये गेले, आणि १५ जून १९७२ रोजी गॅलापागोसच्या पश्चिमेस देवमाशांच्या धडकेने त्यांची नौका काही मिनिटांत बुडाली. नौकेवर सहा माणसे होती : पती, पत्नी, थोरला मुलगा, दोन जुळे मुलगे, आणि पनामात त्यांच्यासोबत आलेला एक तरुण. आधी रबरी तराफ्यावर आणि नंतर लहानशा होडीत, पावसाचे पाणी साठवून व कासवे धरून, त्यांनी ३८ दिवस काढले. शेवटी एका जपानी मच्छीमार बोटीने सहाही जणांना जिवंत उचलले. काटकसर, पाळीपाळीने काम, आणि एकमेकांवर विश्वास, या गोष्टी त्यांना समुद्राने नव्याने शिकविल्या नाहीत. दीड वर्षाच्या नौकावासात त्या त्यांच्या अंगवळणी पडल्या होत्या.

आता या साऱ्याचे तात्पर्य. ‘एकमेकां साहाय्य करावे’ असे आम्ही सांगणार, अशी आपली अपेक्षा असेल. ते तर सर्वच वक्ते सांगतात. आम्हांला थोडे निराळे म्हणावयाचे आहे. जो माणूस दुसऱ्याच्या नौकेवर दोर धरावयास जातो, तो केवळ उपकार करीत नाही. तो शिकत असतो. पाणी कसे उसळते, दोर केव्हा ढिला पडतो, काठावरच्या माणसाची आरोळी कोणत्या अर्थाची असते, हे त्याला पुस्तकात मिळत नाही. ते त्याला दुसऱ्याच्या नौकेवर मिळते, आणि तेही स्वतःचे घर पणाला न लावता. स्वतःच्या पाळीला तो नवखा राहत नाही. मजुरीची माणसे आणली तर काम होते, परंतु घरातील माणसाला ते काम येत नाही.

आजच्या मंगल प्रसंगी असा उल्लेख करू नये, हे आम्ही जाणतो. तथापि मंडळी घरचीच आहेत म्हणून बोलतो. काही वर्षांपूर्वी आमच्या गावी एका वृद्ध गृहस्थांचे निधन झाले. मुलगे परदेशी. शेजारपाजारचे दहा-बारा तरुण तत्परतेने जमले. त्यांच्या मनात सद्भाव होता, अंगात बळ होते, खिशात पैसाही होता. बांबू आले, सुंभ आले. परंतु तिरडी कशी बांधावयाची, हे त्यांच्यापैकी एकालाही ठाऊक नव्हते. कारण त्यांच्यातील कोणीही पूर्वी दुसऱ्याच्या दारी तिच्या दोरीला हात लावलेला नव्हता. लहानपणी त्यांना अशा ठिकाणी नेलेच नव्हते. अखेरीस पलीकडच्या आळीतून पंचाहत्तरीचे एक आजोबा काठी टेकीत आले, ओट्यावर बसले, आणि एकेका मुलाचा हात धरून त्यांनी गाठ कशी मारावयाची ते दाखविले. त्या मुलांना आज ते येते. तो दिवस आमच्या डोळ्यांपुढून हलत नाही.

लग्नाचे मांडव असोत, इस्पितळातील जागरणे असोत, बाळंतपणे असोत, की शेवटचा प्रवास असो. हे सर्व संसारातले जलपाश आहेत. तेथे पाणी झपाट्याने चढते आणि चार दोर सारखे ओढावे लागतात. आजकाल यांतील प्रत्येक कामास मोबदला घेऊन माणसे मिळतात, आणि त्यांना नावे ठेवण्याचे कारण नाही. ज्याच्या घरी माणूसच नाही, त्याने दुसरे काय करावे? परंतु ज्यांच्या घरी तरुण मुले-मुली आहेत, त्यांना आमची हात जोडून विनंती आहे. ‘अभ्यास बुडेल’, ‘तो लहान आहे’, ‘तिला कशाला तेथे न्यावयाचे’, असे म्हणून त्यांना घरी ठेवू नका. आम्ही जन्मभर अभ्यास घेतला आहे, म्हणून अधिकाराने सांगतो, की एका रात्रीने अभ्यास बुडत नाही. शेजारच्या घरी आजार असेल तर मुलाला एक रात्र तेथे उशाशी बसू द्या. कोणाच्या घरी कार्य असेल तर त्याला पंगतीत वाढू द्या, कोठीवर बसू द्या. त्याचे श्रेय मागू नका, त्याची परतफेडही मोजू नका. ज्यांच्यासाठी ती मुले उभी राहतील, ते कदाचित पुढे मुंबईस, आखातात, अमेरिकेस निघून जातील आणि परत भेटणार नाहीत. त्या मुलांच्या वेळी दुसरेच कोणी उभे राहील. पनामाच्या धक्क्यावर हे असेच चालते, आणि तेथे तर नौकांची भाषाही एक नसते.

अध्यक्षमहाशय, आम्हांस दिलेल्या वेळेपेक्षा थोडा अधिक वेळ आम्ही घेतला. शाळेची घंटा आता आमच्यासाठी वाजत नाही, त्यामुळे असे होते.